आबांचा कंदील

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. आईला नाही. आणि जिच्या बाबतीत मी हे केलं, तिलाही अर्धंच ठाऊक आहे. तेव्हा पुरतं ऐकणारे तुम्ही पहिलेच. सुरुवात कुठून करावी तेही मला उमगत नाही — बघा ना, मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर कसं बोलावं हे मी कॉलेजच्या पोरांना शिकवायला जाते, आणि इथे माझीच जीभ अडखळते आहे.

मी साताऱ्यात, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. कामगार हेल्मेट घालतात की नाही, बंद टाकीत माणूस उतरवण्याआधी आतली हवा तपासली की नाही, हे बघायचं माझं काम. बारा वर्षं झाली. लोक मान देतात, मॅडम मॅडम करतात. नवीन भरती असली की मला टेबलामागे बसवतात. समोर एखादी पोरगी येते, फाइल मांडीवर गच्च धरून बसते, आणि तो प्रश्न मीच विचारते. विचारताना मला नकोसं होतं. प्रश्नामुळे नव्हे, माझ्या आवाजामुळे. किती समजूतदार आवाज काढते मी!

सारिकाबद्दल सांगते. तिच्याशिवाय हे पुढे जायचं नाही.

इस्लामपूरला आम्ही दोघी औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा डिप्लोमा करत होतो, एकाच खोलीवर राहत होतो. मी वाईची. बाबा शाळेच्या ऑफिसात क्लार्क, आई घरी, दुपारी जेवून सगळे झोपणार. ती सांगलीजवळच्या हरिपूरची. 'मी आलो, मी जेवलो' असं बोलायची. तिकडच्या बायका तसंच बोलतात, पण मी तिला त्यावरून इतकी चिडवायचे की शेवटी ती माझ्यापुरती 'आले, जेवले' म्हणायला लागली. मला तेव्हा वाटायचं, मी तिला सुधारतेय. हेही सांगूनच टाकते. घाण एकदम साठत नाही, आधी थोडी थोडी साठते.

हरिपुरात पूर्वी हळद जमिनीखाली ठेवत. पेव म्हणतात त्याला — तोंड अरुंद, आत खोल आणि ऐसपैस. एकदा भरून तोंड लिंपलं की हळदीला वर्षानुवर्षं कीड लागत नाही. पण उघडलं की लगेच आत उतरता येत नाही. आतली हवा कोंडलेली, खराब झालेली असते. सारिकाचे वडील, आबा, पेवात उतरून पोती भरायचं काम करायचे. आधी तोंड उघडं टाकायचं, मग दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडायचा. तो नीट जळला तर माणूस उतरणार. आणि माणूस खाली असेपर्यंत कंदील तिथेच लटकत राहणार. आबा उतरले की शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी कंदिलाची दोरी सारिकाच्या हातात असायची. आठ-नऊ वर्षांची पोर. डोळा काढायचा नाही, इकडेतिकडे बघायचं नाही, वर कोणी गोळी देत असलं तरी घ्यायची नाही. पुढे महापुराचं पाणी पेवांत शिरलं, पेवं गेली, आणि आबा मार्केट यार्डात हमालीला लागले.

हे मला कुणी सांगितलं? आबांनीच. एका रविवारी सारिका मला घरी घेऊन गेली होती. भाकरी, भरलं वांगं आणि खर्डा. वाढता वाढता तिच्या आईनं तीनदा विचारलं, तिखट लागत नाही ना. जेवल्यावर आबांनी माळ्यावरून तो कंदील काढून दाखवला. काच तडकलेली, कडीला सुंभ तसाच बांधलेला. त्यांचं एक वाक्य मला अजून पाठ आहे. ते म्हणाले, "इझायची वाट बघायची न्हाई पोरी. ज्योत बारीक झाली की मानूस वर. इझूस्तवर थांबला त्यो गेला." मी मान डोलावली. बंद जागेत उतरण्याचे नियम आम्ही वर्षभर पुस्तकातून घोकत होतो, आणि हा माणूस ते एका वाक्यात सांगत होता, हे मला तेव्हाही कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मग मुलाखतींचे दिवस आले. आमच्या सरांनी 'स्वतःबद्दल सांगा'चं एक ठरावीक उत्तर सगळ्या वर्गाला लिहून दिलं होतं. नाव, गाव, शिक्षण, छंद, ध्येय. तीस जणांचं ध्येय एकच. आम्ही रोज संध्याकाळी खोलीवर एकमेकींची मुलाखत घ्यायचो. पलंगावर बसणारी साहेब, डब्यावर बसणारी उमेदवार. सारिकाने एकदा सरांचं उत्तर बाजूला ठेवून कंदिलाचं सांगितलं. साधंच सांगितलं. वडील खाली, मी वर, दोरी हातात, तेव्हापासून मला या कामाची ओढ आहे.

मी तिला काय म्हणाले असेन? म्हणाले, हे सांगू नकोस. हमालाची पोरगी म्हणून बघतील तुझ्याकडे. इंग्रजीत सरांचंच म्हण.

तेव्हा माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं. नव्हतंच, म्हणजे मला खरंच तसं वाटत होतं — आणि ते जास्त वाईट आहे, नाही का? तिने ऐकलं. सारिका माझं ऐकायची. कंदील काढून टाकला आणि छंदात 'वाचन' लिहिलं.

साताऱ्याच्या या कारखान्यात तेव्हा दोन जागा होत्या. दोन. हा आकडा नीट ध्यानात ठेवा. आम्ही इस्लामपूरहून पहाटेची एसटी धरून आलो. तिच्या आईनं दिलेले दोन लाडू मी खाल्ले, ती उपाशीच होती, तिला बस लागते. सारिकाला ती नोकरी हवी होती, कारण आबांचं कंबरडं गेलं होतं आणि धाकटा भाऊ नुकताच दहावीला बसला होता. मला हवी होती, कारण मुलाखतीहून रिकाम्या हाताने परत गेले असते तर वाईत बाबांनी एक स्थळ बघून ठेवलंच होतं. माझा नंबर तिच्या आधी लागला.

आत तिघं होते. मधले साहेब लष्करातून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशा, सरळ पाठ. त्यांनी म्हटलं, स्वतःबद्दल सांगा. मी सरांचं उत्तर सुरू केलं. चौथ्या वाक्याला त्यांनी हात वर केला. म्हणाले, हे सगळं कागदावर आहे. मराठीत सांगा, पण कागदावर नाही ते सांगा. तुम्ही कोण?

मी कोण? तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला स्वतःत डोकावल्यावर काहीच दिसलं नाही. दुपारी जेवून झोपणारं घर दिसलं. बावीस वर्षांत माझ्या हातात कुणाचा जीव सोडाच, कुणाचं महत्त्वाचं सामानसुद्धा कुणी दिलं नव्हतं. शेजारच्या बाई घड्याळाकडे बघत होत्या. आणि माझं तोंड उघडलं.

मी म्हणाले, माझे आजोबा, आईचे वडील, हरिपूरला पेवात उतरायचे.

आईचे वडील पोस्टात होते. माझ्या जन्माआधीच गेले. पेव मी आयुष्यात आतून पाहिलेलं नाही.

पण एकदा सुरू झाल्यावर मी थांबले का? मला रंग चढला. सुट्टीत आजोळी गेले की कंदिलाची दोरी माझ्या हातात असायची. एकदा आजोबा खाली असताना कंदील विझला. मी किंचाळले. माणसं धावली. आजोबांना वर ओढलं तेव्हा ते निळे पडले होते. असं काही कधीच झालं नव्हतं. सारिकाच्या हातात असताना कंदील एकदाही विझला नाही, कारण ती तो विझू द्यायच्या आधीच हाक मारायची. पण विझलेला कंदील ऐकायला बरा लागतो. साहेब पुढे झुकले. त्या बाईंनी पेन खाली ठेवलं. मला आत कुठेतरी गुदगुल्या होत होत्या — ही गोष्ट सांगताना मला लाज वाटली नाही, मजा आली. आज ते आठवलं की स्वतःच्या जिभेची किळस येते. तोंड धुवावंसं वाटतं.

बाहेर आले. सारिकाने डोळ्यांनीच विचारलं, कसं झालं. मी म्हणाले, सोपं आहे, सरांचंच विचारतात. ती आत गेली.

दहा मिनिटांनी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "पाठ केलंतं ते समदं इसरलो गं. मग आबांचं सांगितलो. पर सायेब कसं तरीच बघाय लागलं. मधीच थांबीवलं मला." ती पुन्हा 'इसरलो, सांगितलो' म्हणत होती. मी तिला बरोबर करून दिलं नाही, एवढंच काय ते माझं चांगलं वागणं.

थोड्या वेळाने शिपायाने मला पुन्हा आत बोलावलं. का ते सांगते. आत्ता नाही, पण सांगते. बाहेर आल्यावर मी सारिकाला म्हणाले, एका कागदावर सही राहिली होती.

पंधरा दिवसांनी मला पत्र आलं. दुसरी जागा खंडाळ्याच्या एका मुलाला मिळाली. सारिकाने खोलीवर माझ्यासाठी शिरा केला.

तुम्हाला वाटेल, झालं, घाबरलेली पोरगी होती, एक थाप मारली. मलाही काही दिवस तसंच वाटत होतं. पण नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात त्या साहेबांनी नव्या कामगारांसमोर मला उभं केलं आणि म्हणाले, ते कंदिलाचं सांगा. मी सांगितलं. पुढच्या महिन्यात पुन्हा. मग तो रिवाजच पडला. आता दर नव्या तुकडीला टाकीत उतरण्याचे नियम शिकवायच्या आधी मॅडमची ती गोष्ट होते. कुठे थांबायचं, आवाज कुठे खाली न्यायचा, सगळं बसून गेलं आहे. 'निळे पडले होते' म्हटल्यावर मी जराशी खिडकीकडे बघते. दर वेळी बघते. खिडकीबाहेर सायकल स्टँड आहे.

आणि हे ऐका. तीन वर्षांपूर्वी आबा गेले. सारिकाचा फोन आला, दहाव्याला ये म्हणाली. त्या दिवशी नवीन तुकडी होती. मी काही रजा मागितली नाही, आणि मागितली असती तर मिळाली असती. त्या सकाळी मी गोष्ट सांगितली, आणि शेवटी — हे आधी ठरवलं नव्हतं — म्हणाले, माझे आजोबा आता नाहीत. समोरच्या रांगेतल्या एका माणसाने डोळे पुसले. तिकडे नदीवर सारिका कावळ्याची वाट बघत उभी असेल, आणि इकडे मी तिच्या बापाच्या नावावर हुंदका मिळवत होते. त्या दिवशी मी व्यवस्थित जेवले. डब्यात मटकीची उसळ होती.

सारिका आता तासगावकडे बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे. डिप्लोमाचं काम तिला कधीच मिळालं नाही. त्या मुलाखतीनंतर दोन-तीन ठिकाणी गेली, पण 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की तिची वाचाच बसायची. मला फोनवर हसत हसत सांगायची. म्हणायची, मला वाटतंय मी खरं सांगितलं तरी खोटंच वाटतंय लोकांना. ऐकून मी म्हणायचे, सराव कर. दर वर्षी ती मला एसटीच्या पार्सलने घरची हळद पाठवते.

या मे महिन्यात ती कामासाठी साताऱ्याला आली आणि पहिल्यांदाच माझ्या घरी उतरली. माझी मुलगी मुक्ता नऊ वर्षांची आहे. गेल्या वर्षी कारखान्याच्या कुटुंब मेळाव्यात मला स्टेजवर बोलावून ती गोष्ट सांगायला लावली होती. नवरा शिक्षक, तो परीक्षेच्या कामात अडकला होता, आईबाबांना मी कळवलंच नव्हतं, पण मुक्ता पुढच्या रांगेत होती. घरी आल्यावर मी तिला बजावलं, आजीला यातलं काही विचारू नकोस, तिला तिच्या वडिलांची आठवण आली की त्रास होतो. पोर इतकी शहाणी, तिने आजीला खरंच कधी विचारलं नाही. पण हरिपूरची मावशी आलीय म्हटल्यावर तिला राहवलं नाही. मी स्वयंपाकघरात पोहे परतत होते आणि बाहेरून तिचा आवाज येत होता — माझ्या आईनं लहानपणी हरिपूरला तिच्या आजोबांचा कंदील धरला होता, तो विझला, आई ओरडली, आजोबा निळे पडले.

मी गॅस बंद केला. बाहेर गेले नाही. दाराआड उभी राहिले.

 मग सारिकाचा आवाज आला, अगदी शांत. "इझूस्तवर थांबायचं नसतंय बाळा. ज्योत बारीक झाली की हाक मारायची. तुज्या आईला बी ठावं हाय ते."

पोहे तिने खाल्ले. चांगले झालेत म्हणाली. मी तिला स्टँडवर सोडायला गेले. सांगलीची गाडी लागायला वेळ होता, आम्ही बाकावर बसलो. मला वाटलं, आता ती थुंकेल तोंडावर, आणि मी पुसणार नाही. तिने पिशवी मांडीवर घेतली, पिशवीचे बंद नीट केले आणि म्हणाली, "घाबरली असशील गं आत. तोंडाला आलं ते बोललीस. मी बी घाबरलो हुतो की." एवढंच. मग म्हणाली, बारा वर्षं तिला वाटत होतं, साहेब तिच्या बोलण्याला, कपड्यांना कंटाळले. तसं नव्हतं हे कळलं, बरं झालं. बरं झालं म्हणाली ती. गाडी आली, खिडकीतून तिने हात केला.

तिने जे माफ केलं ते मी केलेलं नव्हे. म्हणजे तेही केलं होतंच. पण घाबरून केलेलं तेवढंच. दुसऱ्यांदा आत गेले तेव्हा मी घाबरलेले नव्हते. बाकावर बसून मला ते सांगता आलं असतं. गाडीला वीस मिनिटं होती. मी तिला पाण्याची बाटली आणून दिली.

तर ते ऐका आता.

शिपायाने बोलावलं, मी आत गेले. साहेबांनी मला बसायला सांगितलं, पाण्याचा ग्लास पुढे केला. रागावलेले नव्हते. म्हणाले, आत्ता आलेल्या मुलीनेही हीच गोष्ट सांगितली, फक्त तिने ती वडिलांची म्हणून सांगितली. दोघींपैकी एकीची असणार. कुणाची?

मला वेळ होता. मी पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवला. जागा दोन होत्या. मी खरं सांगितलं असतं तर फार तर माझी गेली असती. मी 'मला माहीत नाही' म्हटलं असतं तर कदाचित दोघींना घरी पाठवलं असतं. हे सगळं मला तिथे बसल्या बसल्या स्वच्छ दिसत होतं. मन इतकं थंड आणि लख्ख पुन्हा कधी झालेलं आठवत नाही.

मी म्हणाले, सर, आम्ही एकाच खोलीवर राहतो. मी माझं उत्तर मोठ्याने पाठ करते, ते ती ऐकते. तिला राग येईल म्हणून मी बोलले नसते. गरीब आहे ती, तिला नोकरीची गरज आहे.

गरीब आहे म्हणाले मी. तिची कीव केली.

त्यांनी विचारलं, तिचे वडील काय करतात मग?

"मार्केट यार्डात हमाल आहेत, सर. पेवात ते कधीच उतरले नाहीत."

"खात्री आहे तुमची?"

"हो सर," मी म्हणाले. "मी त्यांच्या घरी जेवलेय."

साहेबांनी समोरच्या यादीतल्या एका नावावर आडवी रेघ मारली. मी उठले, खुर्ची आवाज न करता मागे सरकवली, आणि बाहेर आले. सारिकाने माझी फाइल मांडीवर धरून ठेवली होती.